खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

घरात सर्व्हर बसवायचा म्हटल्यावर आप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याला खायाला काय लागतंय?"

मी म्हटलं, "लाईट लागते आप्पा. दिवसरात्र. दुसरं काही नाही."

"दिवसरात्र?" असं म्हणून ते माझ्याकडं बघतच राहिले. जणू मी दारात हत्ती आणून बांधतेय. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा सगळा जन्म बेळगावच्या खासबागेत मागावर गेला. आमचे स्वतःचे माग होते, ते आता विकले, पण गल्लीत अजून चार घरांत माग चालतात. सकाळी उठल्यापासून खटाक्-खटाक् सुरू. पाहुणे आले की कानावर हात ठेवतात, आम्हाला मात्र तो आवाज ऐकूही येत नाही. माग थांबला की तेवढं कळतं.

मी पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. आता घरी बसूनच. ते सर्व्हर कुठल्या देशात आहेत हेसुद्धा मला नीट ठाऊक नाही, पण त्यातला एक जरी शिंकला तरी माझ्या फोनला घंटा वाजते. असली मी शहाणी! आणि घरात एक पेटी बसवायची तर तोंडाला फेस आला. बेळगावात एक वस्तू मिळाली तर दुसरी मिळायची नाही, दुसरी मिळाली तर लाईट जायची. शेवटी अण्णाच्या स्टुडिओतला जुना यूपीएस खाली घातला, तेव्हा कुठं ते गाडं रुळावर आलं.

हे सगळं चाललं होतं अण्णासाठी. अण्णा माझा थोरला भाऊ. तो लग्नाचं शूटिंग करायचा, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही. इकडं काकती, तिकडं खानापूरच्या पुढं गुंजीपर्यंत, वर निपाणीपर्यंत कुठल्याही मांडवात तो असायचाच. अर्धी लग्नं मराठी, अर्धी कानडी, आणि कितीतरी लग्नांत एका बाजूचं वऱ्हाड मराठी, दुसऱ्या बाजूचं कानडी. अण्णा दोन्हीकडं दोन्ही भाषांत ओरडायचा. मराठी बाजूला "हिकडं बघा!", कानडी बाजूला "इल्ली नोड्री, स्वल्प नग्री!" म्हणजे इकडं बघा, जरा हसा. आणि फोटो निघाला की दोन्ही बाजूंना एकच शब्द, "झालं!" तो "झालं" म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. नवरदेवाच्या नाकावर माशी बसली तरी नाही.

सर्व्हर बसवायच्या आदल्या साली ऐन लग्नसराईत काकतीचं एक लग्न उरकून तो आला, आणि चार-दोन दिवसांत छातीत कळ आल्याचं निमित्त होऊन गेला. दवाखान्याच्या पायरीपर्यंतही पोचला नाही. मी पुण्याहून आले ते परत गेलेच नाही. आप्पा आणि वहिनी एवढ्या मोठ्या घरात दोघंच, आणि दोघंही बोलत नव्हते. एकानं उठून दुसऱ्याला चहा द्यायचा, दुसऱ्यानं तो गार करून प्यायचा.

वहिनी एकदाच बोलल्या. भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वन्सं, त्यांचा आवाज कुठं हाय का हो? मला आठवंना झालाय."

मी म्हटलं, असणारच की! शूटिंग करणाऱ्या माणसाच्या घरात आवाज नाही म्हणजे काय? आणि शोधायला बसले. अगं बाई, खरंच नव्हता. फोनवर आवाज भरून पाठवायचा अण्णाला भारी राग. "माणसाशी बोलायचं तर फोन लाव की, असं डब्यात भरून काय पाठवतीस?" म्हणून मला कितीदा झापलंय त्यानं. घरातल्या व्हिडिओत तो नाही, कारण कॅमेरा त्याच्याच हातात. आणि जे व्हिडिओ आहेत त्यांच्यावर गाणी! आमच्याकडं लग्नाच्या व्हिडिओवर गाणी लागतात. मांडवातला मूळ आवाज कुणाला नको असतो. मामा जेवणावरून रुसलेला, आचारी कावलेला, पोरं रडतायत, त्यात फोटोवाल्याचं "हिकडं बघा" कोण ऐकणार? म्हणून मूळ आवाज बंद करायचा आणि वर सनई नाहीतर सिनेमाचं गाणं चढवायचं. आमच्या घरातल्या बारशाच्या, वास्तुशांतीच्या व्हिडिओंनाही त्यानं तेच केलेलं. सवयच ती.

आता शोधायचं राहिलं होतं ते त्याच्या कॉम्प्युटरमध्ये. पण तो कॉम्प्युटर इतका जुना, की चालू केला की दहा वेळा बंद पडायचा. तेव्हा माझ्या डोक्यात सर्व्हर आला. दोन नव्या डिस्क घ्यायच्या, एकीवर जे लिहिलं जाईल तेच आपोआप दुसरीवर, म्हणजे एक मेली तरी दुसरी आहे. आणि अण्णाचा कॉम्प्युटर जसाच्या तसा उचलून सर्व्हरच्या पोटात ठेवायचा. याला आमच्या धंद्यात व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लोखंड नवं, आतला कॉम्प्युटर जुनाच, आणि त्या आतल्याला कळतही नाही की आपलं घर बदललंय.

वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हात पुसले आणि स्टुडिओच्या खोलीत आल्या. अण्णा गेल्यापासून त्या खोलीत त्या आल्याच नव्हत्या. मी पडद्यावर ते मशीन सुरू केलं. अण्णाचा कॉम्प्युटर उघडला. मागं तेच निळं चित्र, त्यावर तोच सगळा पसारा. एक फोल्डर 'काकती', एक 'गुंजी', एक 'नवीन फोल्डर', आणि एक 'बघायचं हाय'.

"जसाच्या तसा?" वहिनींनी विचारलं.

"जसाच्या तसा."

"हे 'बघायचं हाय'मधी काय हाय?"

उघडलं तर रिकामं. वहिनी हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसल्या. मीही बसले. काय करणार!

लग्नांच्या फायली एकेक उघडून बघितल्या. ज्या सॉफ्टवेअरवर तो व्हिडिओ जोडायचा, त्यात खाली आवाजाच्या पट्ट्या असतात. प्रत्येक लग्नात वरची पट्टी गाण्याची, खालची मांडवातल्या आवाजाची, आणि खालच्या पट्टीवर बंदची खूण. सगळीकडं त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचा आवाज बंद केलेला. मी ती खूण काढायची आणि कान लावायची. काही नाही, कारण मूळ शूटिंगच जागेवर नव्हतं. लग्नघरच्या पार्टीनं पेनड्राईव्ह नेला की हा मूळ शूटिंग पुसायचा. पुढच्या लग्नाला जागा नको का? सगळेच असं करतात.

फक्त काकतीचं लग्न पुसायचं राहून गेलं होतं, कारण ते पुरं करायच्या आधी तोच गेला. ते शूटिंग एका वेगळ्या, जुन्या डिस्कवर होतं. कपाटात कॅमेऱ्याच्या पिशवीखाली ती मला सापडली. वहिनी तेव्हा शाळेत गेल्या होत्या, त्या शिकवतात. आप्पा पारावर होते. मी डिस्क जोडली, हाताला लागेल ती पहिली फाईल उघडली आणि अण्णा बोलला.

"वहिनी, हिकडं बघा. हिकडं, माझ्याकडं. पदर जरा सारखा करा. हां, आता हलू नका. अज्जी, स्वल्प नग्री... हां... झालं!"

नवरीला म्हणत होता. तोच घोगरा आवाज, तंबाखू सोडल्यावर बडीशेप चघळत बोलायचा तसा. मी हुंदके देऊन रडले. तेवढ्यात डिस्कमधून टक्-टक् आवाज यायला लागला आणि चित्र गोठलं.

तो टक्-टक् आवाज मी ओळखते. डिस्क मरायला टेकली की असा येतो. अशा वेळी तिच्यावर काही शोधायचं नाही, काही उघडायचं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जे आहे ते एका दमात, सावकाश उतरवून घ्यायचं, आणि उतरत असताना तिला थांबू द्यायचं नाही. नोकरीत हे मी पन्नास जणांना शिकवलंय. ऐकताना फोनवर तरी भरून घ्यायचं होतंस, असं आता कुणीही म्हणेल. मीही म्हणते. पण भाऊ बोलत असताना कुणाला सुचतंय हो?

संध्याकाळी वहिनी आल्यावर सगळं सांगितलं. आवाज सापडला, तो असा-असा बोललाय, पण डिस्क आजारी आहे, उतरवून घेईपर्यंत ऐकता यायचं नाही. त्यांनी हट्ट केला नाही. "किती दिवस लागतील?" एवढंच विचारलं. मी अंदाज काढून म्हटलं, "दसऱ्यापर्यंत होईल."

"मग दसऱ्यालाच ऐकू. तिघं बसून."

तेव्हापासून घरात एक नवं सुरू झालं. शाळेतून आल्या की चप्पल काढायच्या आधी, "कितपत आलं?" मी सांगायची, निम्मं आलं, निम्म्याच्या जरा पुढं. आप्पासुद्धा जेवताना विचारायला लागले, "उतरतंय न्हवं?" रात्री झोपताना सर्व्हरच्या पंख्याची घुंऽऽ ऐकू यायची आणि बरं वाटायचं. घरात बऱ्याच दिवसांनी काहीतरी येणार होतं.

आणि आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदला दिवस. खासबागेत या दिवशी सगळे माग बंद. मागाचे धोटे, सुताच्या कांड्या, मोटार सगळं पुसून, हळदी-कुंकू लावून, पुढं कोहळा फोडून ठेवायचं. हत्यारांना तेवढा एक दिवस विसावा. त्या दिवशी गल्ली इतकी गप्प असते की लांबच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येतात. अण्णाही हे काटेकोर पाळायचा. कॅमेरे, लायटी, बॅटऱ्या, कॉम्प्युटर सगळं बंद करून पाटावर मांडायचा. दाराशी पार्टी येऊन बसली असली तरी, "आज न्हाय, उद्या सोनं वाटून झाल्यावर," असं सांगून परत पाठवायचा. आदल्या साली आमच्या घरात सण नव्हता, वर्ष झालं नव्हतं. म्हणजे त्याच्यामागं पाळायची ही पहिलीच खंडेनवमी.

पूजा कुणी करायची हा प्रश्न होता. वहिनींना हळदी-कुंकवाच्या ताटाला हात लावायची गल्लीतल्या बायकांची भीती. आप्पा वहिनींना म्हणाले, "तूच कर. सामान त्याचं, म्हंजे आता तुझं. गल्लीत कोण काय म्हणतंय ते मी बघतो." माझ्या बापाबद्दल मला त्या सकाळी इतकं भरून आलं, की मी झेंडूची फुलं आणि कोहळा आणायला निघाले ती जवळजवळ नाचतच.

बाजारात गर्दी होती. परत आले तर गल्ली गप्प. दारात आले, चपला काढल्या, तेव्हा काहीतरी खटकलं. काय ते कळेना. आत पाऊल टाकल्यावर कळलं. आमचं घरही गप्प होतं.

स्टुडिओच्या खोलीत पाटावर लाल कापड. त्यावर अण्णाचा कॅमेरा, लेन्स, फ्लॅश. शेजारी सर्व्हर, पुसून लख्ख केलेला. आणि सगळ्यांच्या मधोमध, वायर काढून, ती डिस्क. तिच्यावर हळदी-कुंकवाची बोटं आणि एक जास्वंद.

वहिनी न्हालेल्या, हातात आरतीचं ताट. चेहरा किती उजळलेला. म्हणाल्या, "आलासा? तुमचीच वाट बघत हुतो. त्यांनी दाखवलंतं तसंच बंद केलंय बघा, वायर अशीच ओढली न्हाय. आधी बटन, मग यूपीएस. आजच्या दिवस विसावा. उद्या सोनं वाटलं की चालू करू, आणि ऐकू."

कॉम्प्युटर बंद केला की परत चालू होतो. जगात कुणालाही विचारा, हेच सांगेल. ही डिस्क मधेच थांबवायची नाही, हे मी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. मी फुलं तिथंच टाकली आणि डिस्कला हात घातला.

आप्पा म्हणाले, "आगं, आज न्हाय! आज हात लावायचा न्हाय!"

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहीत नाही. "कुणी बंद करायला सांगितलं होतं? उतरत होतं ते! अजून यायचं होतं!" त्या गप्प गल्लीत माझं ओरडणं पार टोकापर्यंत गेलं असणार. कुंकू तसंच ठेवून मी वायर जोडली. डिस्कनं एकदा टक् केलं. मग काही नाही. पुन्हा जोडली. काही नाही. हातात धरून कानाला लावली, हलवली, देवाला हाका मारल्या. आत काही फिरत नव्हतं.

वहिनी ताट धरून तशाच उभ्या होत्या. वात जळत होती. त्यांनी विचारलं, "मी मारली व्हय?"

"न्हाय वहिनी, ती मरायलाच टेकली होती," मी म्हटलं. ते खरंच होतं. पण उशिरा म्हटलं, आणि माझा आवाज अजून चढलेलाच होता. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आत गेल्या. आप्पा पाटासमोर बसून राहिले. दसऱ्याला आम्ही एकमेकांना सोनं दिलं, "सोन्यासारखं राहा" म्हटलं. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

जेवढं उतरलं होतं त्यात जुनी गाणी निघाली, फुलांच्या चौकटी निघाल्या, सॉफ्टवेअरचे कसलेकसले परवाने निघाले. काकती त्याच्या पुढं होतं. मेलेल्या डिस्कमधून फायली काढून देणारी माणसं पुण्यात आहेत, त्यांच्याकडं डिस्क पाठवली. आतली तबकडी खरवडून निघाली आहे, काही होणार नाही, असं कळवून त्यांनी ती परत केली. परत आली तेव्हाही कडेला हळद होती.

मग मी आणि वहिनी काकतीला गेलो. लग्न उरकताच त्या घरच्यांनी अण्णाकडून शूटिंगची एक प्रत नेली होती, आणि तो गेल्यावर तिच्यावरून दुसऱ्याकडून व्हिडिओ पुरा करून घेतला होता. भली माणसं. चहा-चिवडा दिला, टीव्हीवर व्हिडिओ लावला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी. ज्यानं पुरा केला त्यानं मूळ शूटिंग कधीच पुसलेलं. जागेसाठी! रीतच आहे ना. मी मनात इतक्या शिव्या घातल्या, पण कुणाला घालणार? माझा भाऊ जन्मभर तेच करत आला.

नवरीच्या एका दृश्यात कडेनं एक हात आला आणि तिच्या मुंडावळ्या सारख्या करून गेला. मनगटाला चामडी पट्ट्याचं घड्याळ. वहिनी पुढं सरकल्या. "हात," म्हणाल्या. घरच्या सुनेनं ते दृश्य पुन्हा लावून दिलं, आणि न सांगता आणखी एकदा. गाणं चालूच होतं. बसमध्ये वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

हे सगळं झाल्याला या खंडेनवमीला वर्ष झालं. सर्व्हर चालूच आहे. त्यात अण्णाचा कॉम्प्युटर आहे, त्याची गाणी बसवलेली लग्नं आहेत, रिकामं 'बघायचं हाय' आहे. जे ठेवायला एवढा खटाटोप केला, तेवढं त्यात नाही. वहिनी कधीकधी संध्याकाळी तो आतला कॉम्प्युटर उघडून बसतात. काही करत नाहीत. बघतात आणि बंद करतात.

परवा खंडेनवमीला गल्ली पुन्हा गप्प झाली. पाटावर कॅमेरा मांडला, लेन्स मांडल्या. मी सर्व्हर बंद करायला उठले, तशा वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ह्याला बंद करायचं न्हाय." चालू सर्व्हरलाच त्यांनी हळदी-कुंकू लावलं. आप्पांनी काही हरकत घेतली नाही. आरती झाली. सगळ्या गल्लीत त्या पंख्याची तेवढी घुंऽऽ चालू होती. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, वहिनी पाटाजवळ.

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही एकट्यांनीच ऐकलंसा."

मी निरांजनातली वात सारखी केली.

"मला बोलून दाखवा. त्यांनी म्हटलंतं तसं."

"मला नाही जमणार वहिनी. माझा आवाज कुठं त्याच्यासारखा..."

"भाऊ-बहीण हाईसा. जमंल तेवढं म्हणा."

आप्पांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मग मी अण्णा उभा राहायचा तशी पाटापलीकडं उभी राहिले, घसा जरा खाली नेला आणि म्हटलं, "वहिनी, हिकडं बघा. हिकडं, माझ्याकडं. पदर जरा सारखा करा."

वहिनींनी पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलं. आप्पांनी पाठ सरळ केली आणि टोपी नीट बसवली.

"हां, आता हलू नका."

दोघंही हलले नाहीत. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तेही त्यांनी पुसलं नाही. आता फक्त "झालं" म्हणायचं राहिलं होतं. ते मला म्हणवेना. मी तशीच उभी राहिले, आणि ती दोघं माझ्याकडं बघत तशीच बसून राहिली.